डोकं पुढे की पाय पुढे

संपादकांनी फोन केला आणि म्हणाले, "तांबे, थरारक लिहा हं. सायरन, रक्त, मृत्यूशी झुंज, असं काहीतरी." मी म्हटलं, साहेब, मी नोकरीला लागलो त्याच वर्षी आमच्या गाडीचा सायरन बसला, तो शेवटपर्यंत उठला नाही. त्याच्या बदली आम्हाला एक पितळी घंटा मिळाली. ती बडवत घाटकोपरच्या बाजारातून निघालो की रस्त्यातली माणसं तसूभर हलायची नाहीत, पण पोरं कुल्फीवाला आला समजून धावत यायची. आणि झुंज म्हणाल तर मृत्यूशी आमची फारशी ओळख नव्हती. आमची झुंज पेशंटच्या मामाशी, थोरल्या मेहुण्याशी आणि शेजारच्या काकूंशी. तीही कायम एकाच ठिकाणी व्हायची, पेशंटच्या घराच्या उंबरठ्यावर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आता या कामाचे कोर्स निघालेत, डिग्री मिळते, पोरं निळे कपडे घालून गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून येतात. आमच्या वेळी मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी प्रथमोपचाराचा वर्ग भरायचा, ते आमचं मेडिकल कॉलेज. तिथले डीन, प्रोफेसर आणि शिपाई मिळून एकच माणूस होता, गुप्ते मास्तर. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. युद्धाच्या काळात ब्लॅकआऊटच्या वेळी गल्लीगल्लीतून फिरून लोकांना दिवे मालवायला लावायचं काम त्यांच्याकडे होतं. युद्ध संपलं, पण मास्तरांचा रुबाब काही उतरला नाही.

शिकवायला पुस्तक होतं, तेही कुठल्यातरी थंड देशातल्या पुस्तकाचं भाषांतर. त्यात बर्फात गारठलेल्या माणसावर एक अख्खं प्रकरण होतं. मुलुंडमध्ये बर्फ बघायचा तर उसाच्या रसवाल्याकडे जावं लागायचं, पण मास्तरांनी ते प्रकरण दोन रविवार शिकवलं. स्टोव्हचा भडका उडून भाजलेल्या बाईवर अर्धं पान होतं, ते वेळेअभावी राहून गेलं. बाकी सगळा वेळ त्रिकोणी बँडेज. डोक्याला त्रिकोणी, कोपराला त्रिकोणी, गुडघ्याला त्रिकोणी. एकमेकांना बांधून बांधून आम्ही सगळे दुपारपर्यंत लढाईतून परत आल्यासारखे दिसायचो.

आणि स्ट्रेचरची कवायत. ती शाळेच्या मैदानावर व्हायची. मास्तरांचं एक वाक्य होतं, ते त्यांनी आमच्याकडून वहीत शंभर वेळा लिहून घेतलं: उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे. म्हणजे जिना उतरताना पेशंटचे पाय खालच्या बाजूला हवेत आणि डोकं वर. साधी गोष्ट आहे. डोकं खाली गेलं की पोटाचा भार छातीवर येतो, आणि ज्याला आधीच दम लागलाय त्याचा श्वास कोंडतो. नियम शंभर टक्के बरोबर होता. फक्त मैदान सपाट होतं. मास्तर शिट्टी मारून सांगायचे, "समजा, हा उतार आहे." आम्ही समजायचो.

सर्टिफिकेट मिळालं आणि मी घाटकोपरच्या एका धर्मादाय ट्रस्टच्या ॲम्ब्युलन्सवर अटेंडंट म्हणून लागलो. ड्रायव्हर होता मोंडकर, मालवणचा. हे मोंडकर प्रकरण दिसायला दणकट, बोलायला तिखट आणि स्ट्रेचरची दुसरी बाजू उचलायला एकदम झकास. ट्रस्टला गाडी एका शेठजींनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली. दान दिलं की नाव आलंच. गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि पुढच्या काचेवर वडिलांचं नाव, हातभर अक्षरांत, आणि त्याच्याआधी तेवढ्याच अक्षरांत 'कै.' 'ॲम्ब्युलन्स' हा शब्द मागे, नंबरप्लेटच्या वर, जागा उरली म्हणून लिहिलेला. आता विचार करा, घरात माणूस छातीवर हात दाबून घामाघूम झालाय, बायकोने देव पाण्यात घातलेत आणि दारात गाडी येऊन उभी राहते ती कैलासवासी लिहिलेली. कितीतरी घरांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं आणि पेशंटला रिक्षात कोंबून नेलं.

"चंद्या," मोंडकर मला म्हणायचा, "तेवढा 'कै.' पुसून टाकूया काय रे?"

मी ट्रस्टच्या ऑफिसात विचारलं. तिथल्या मॅनेजरांनी चष्म्यातून माझ्याकडे असं बघितलं, की मीच शेठजींच्या वडिलांना मारून आलोय.

'कै.' पचवणारी घरं मिळायची, पण तिथेही उंबरठा असायचाच. झालं काय होतं, की पुस्तकात एक गोष्ट लिहायची राहिली होती. आपल्याकडे घरातून पाय पुढे करून बाहेर काढतात ते मयताला. जिवंत माणसाला नाही. त्यामुळे आम्ही नियमाप्रमाणे पेशंटला स्ट्रेचरवर घेतलं आणि पाय दाराकडे केले रे केले, की घरात बॉम्ब पडायचा. "अहो, डोकं पुढे! डोकं पुढे घ्या!" ज्याला कालपर्यंत घरात कुणी विचारत नव्हतं, तो मामाही तेव्हा शास्त्र सांगायला पुढे यायचा.

एकदा तर चारकोपला नवऱ्या मुलाला लग्नाच्या हॉलवर न्यायला गेलो होतो. हळदीला नाचताना पाय मोडून घेतला होता त्याने. मांडीपर्यंत प्लास्टर, डोक्याला मुंडावळ्या, अंगावर शेरवानी. लग्नाला ॲम्ब्युलन्स का, तर रिक्षात पाय मावेना. वरमाईने 'कै.' दिसू नये म्हणून गाडीवर झेंडूच्या माळा सोडल्या, त्याने गाडी जास्तच तशी दिसायला लागली. आणि हॉलच्या दारात मुलीकडची आणि मुलाकडची मंडळी वाद घालतायत, की आत नेताना डोकं पुढे का पाय पुढे. शेवटी भटजी म्हणाले, आडवा न्या. दार अडीच फुटांचं. नवरा मुलगा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाला, "यार, मी लंगडत जातो." आणि गेला.

अशा अनुभवांतून मी आणि मोंडकरने आमची एक युक्ती बसवली. पेशंटला घरातून बाहेर काढायचं डोकं पुढे करून, घरच्यांच्या समाधानासाठी. दार ओलांडलं, नातेवाईक चपला शोधायला मागे राहिले, की जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर गर्रकन फिरवायचं आणि खाली न्यायचं पाय पुढे करून, गुप्ते मास्तरांच्या समाधानासाठी. मोंडकर याला फुगडी म्हणायचा. वर्षभरात आम्ही त्यात इतके तयार झालो, की कुणाला पत्ता लागायचा नाही. मला या फुगडीचा फार अभिमान होता. मास्तरांच्या शास्त्रात जे नव्हतं ते आपण शोधून काढलं, असं वाटायचं.

फुगडीला एक गोष्ट मात्र लागते. जिन्याला वळण लागतं.

कांजूर गावात, खाडीच्या बाजूला, वैती नावाच्या कोळ्याचं घर होतं. खाली जाळी, टोपल्या, बर्फाची पेटी. वर एक खोली. वर जायला बाहेरून लाकडी जिना, सरळ आणि उभा, अकरा पायऱ्यांचा. वळण नाही, कठडा एकाच बाजूला. दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही पोचलो. वैतीची बायको हिराबाई भिंतीला टेकून बसली होती. पन्नाशीची बाई, सकाळी बाजारात पाटी घेऊन बसलेली, तिथून दम लागला म्हणून घरी आणलेली. पाय सुजलेले, ओठ काळेनिळे, आणि श्वास घेताना छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साचतं. अशा माणसाला आडवं केलं तरी तो गुदमरतो, मग डोकं खाली करायची तर बातच सोडा. हे मला माहीत होतं. वहीत शंभर वेळा लिहिलं होतं.

खोलीत एक लोखंडी घडीची खुर्ची होती. मी माझी औषधांची पेटी तिच्यावर ठेवली. ही खुर्ची लक्षात ठेवा.

हिराबाईला स्ट्रेचरवर घेतलं, डोक्याखाली दोन उशा दिल्या आणि मी वैतीला सांगितलं, "दादा, जिन्याला फिरायला जागा नाही. पाय पुढे करूनच न्यावं लागेल."

वैती दारात आडवा उभा राहिला. दोन्ही हात चौकटीला. ओरडला नाही, शांतपणे म्हणाला, "भाऊ, पाय फुडं करून माज्या घरातनं मयत जातंय. ती जिती हाय. डोकं फुडं घे."

मी समजावलं. एकदा, दोनदा. मोंडकर म्हणाला, "दादानू, बायेक त्रास होतलो." वैती हलला नाही. मागे बायका रडायला लागल्या. मिनिटं चालली होती. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, अकराच पायऱ्या आहेत. भरभर उतरू. खाली गाडीत ऑक्सिजन आहे. कशाला वाद? मी स्ट्रेचर फिरवलं.

सातव्या पायरीपर्यंत तो खळखळ आवाज येत होता. आठव्या पायरीवर तो आला नाही. वैती मागून, तिच्या पायावर हात ठेवून उतरत होता आणि म्हणत होता, "बस, आली गाडी, हिरा, आली गाडी." आम्ही गाडीत ऑक्सिजन लावला, छाती दाबली, घंटा बडवली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारला आणि कागदावर लिहिलं, आणण्यापूर्वीच मृत.

तेराव्यानंतर वैती आमच्या गाडीच्या स्टँडवर आला. मला वाटलं, आता आपली कॉलर धरणार. त्याने हात जोडले. "भाऊ, तू ऐकलंस माजं. डोकं फुडं नेलीस. जिती गेली माज्या घरातनं." मी मान हलवली. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि वैती एक स्टीलचा डबा घेऊन आला. कोळंबी, हिरव्या वाटणातली, घरी केलेली. मोंडकरचा श्रावण होता, तो नुसता वास घेऊन उसासे टाकत बसला. मी श्रावण पाळत नव्हतो. वैती समोर बसून माझ्याकडे बघत होता, म्हणून मी खाल्ली. त्यानंतर दरवर्षी डबा येत राहिला, आणि दरवर्षी तो मी समोर बसून खाल्ला.

मला कुणाला तरी सांगायचं होतं. मुलुंडला मास्तरांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली. "चंद्रकांत, नियम काय आहे?"

"उतारावर पाय पुढे."

"मग? नातेवाइकांचं ऐकायला तुला ट्रेनिंग दिलं होतं का मी? असल्या भाकडकथांना घाबरणाऱ्या माणसाने या कामात पडूच नये. दुर्बल मनाची माणसं आहेत ती. आपण शास्त्राने चालायचं." गुप्तेकाकू आतून म्हणाल्या, "अहो, हळू बोला, तुमचं बीपी." मास्तरांनी मला परत एकदा ते वाक्य म्हणायला लावलं. शंभर वेळा लिहायला लावलं नाही, एवढीच दया.

दोनेक वर्षांनी एका सकाळी फोन आला तो मास्तरांच्याच पत्त्यावरून. तिसरा मजला. मास्तर पलंगावर उशांना टेकून बसले होते, गंजीफ्रॉक घामाने भिजलेला, चेहरा राखेसारखा, आणि छातीत तोच आवाज. तो आवाज मी एकदा ऐकला होता, परत ऐकायची गरज नव्हती. काकू देवापुढे. काकूंचे भाऊ दाराशी, अर्थातच.

स्ट्रेचर आत आणलं. काकूंचे भाऊ म्हणाले, "डोकं पुढे हं." मी म्हटलं, "काका, मास्तरांचा स्वतःचा नियम आहे, पाय पुढे." आणि मास्तरांकडे बघितलं, की आता हा माणूस मेहुण्याला झापणार. मास्तरांनी माझी बाही पकडली. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"चंद्रकांत," ते म्हणाले, "डोकं पुढे."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. घाबरलेला म्हातारा होता तो, शिट्टी नसलेला. आणि मी तरी शहाणा कुठे होतो? फुगडी घालू म्हटलं, तर मोंडकर जिना बघून आला आणि म्हणाला, "जिन्याच्या वळणार कोणीतरी लोखंडी कपाट ठेवल्यान हा. फुगडी नाय, काय नाय. वाट लागली." म्हणजे परत तेच. डोकं पुढे करून तीन मजले, किंवा पाय पुढे करून घरच्यांशी, आणि खुद्द पेशंटशी मारामारी.

माझ्या हातात पेटी होती. ठेवायला जागा बघत होतो. जेवणाच्या टेबलापाशी एक खुर्ची होती, सागवानी, हाताची. मी पेटी तिच्यावर ठेवली, आणि ठेवता ठेवता हात थांबला. कांजूरची ती घडीची खुर्ची डोळ्यांसमोर आली, तिच्यावर ठेवलेल्या माझ्या पेटीसकट. पेटी खाली टाकली, मोंडकरला म्हटलं, "मास्तरांना यात बसव."

मास्तरांना खुर्चीत बसवलं. छातीभोवती आणि कमरेला बांधलं ते त्रिकोणी बँडेजने. माझ्या अख्ख्या नोकरीत त्रिकोणी बँडेजचा खरा उपयोग झाला तो एवढाच, गुप्ते मास्तरांना त्यांच्याच खुर्चीला बांधायला. मोंडकरने मागून पाठ धरली, मी पुढून पाय, खुर्ची किंचित मागे कलती केली आणि निघालो. छाती वर, डोकं वर, श्वास चालू. दारात काकूंचे भाऊ दोन्ही हात वर करून उभे होते, ते हात हळूच खाली आले. दुसऱ्या मजल्यावर मोंडकर खुर्चीमागून पुटपुटला, "चंद्या, पाय फुडेच आसत रे." होतेच. जिना उतरताना खुर्चीतल्या माणसाचे पाय पुढेच असतात. पण बसलेल्या माणसाकडे कुणी त्या नजरेने बघत नाही.

मास्तर वाचले. सहा आठवड्यांनी शिट्टीसकट वर्गात हजर. मला कौतुकाने बोलावणं आलं म्हणून रविवारी गेलो. हॉलमध्ये मधोमध खुर्ची, तिच्यात एक मुलगा बांधलेला, त्रिकोणी बँडेजने. मास्तर फळ्यापाशी. "अरुंद जिना असेल तर पेशंटला खुर्चीवरून न्यावं. ही पद्धत मी स्वतःच्या आजारपणात, अत्यंत गंभीर अवस्थेत असताना सुचवली." मग माझ्याकडे हात करून, "हे तांबे तेव्हा तिथे होते. यांनी मदत केली." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या बाकावर बसून दात खाल्ले. पुढे काही वर्षं मुलुंडपासून विक्रोळीपर्यंत प्रथमोपचार शिकलेला कुणीही भेटला की 'गुप्तेंची खुर्ची' म्हणायचा. प्रत्येक वेळी मला जे वाटायचं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. खुर्ची मात्र मी तेव्हापासून गाडीतच ठेवली. घडीची, लोखंडी.

मग एके दिवशी दुपारी कांजूरचा फोन आला. वैती.

तोच जिना, अकरा पायऱ्या. तीच खोली. वैती भिंतीला टेकून बसलेला, बायको बसली होती त्याच जागी, आणि दम लागलेला. मी खुर्ची उघडली. त्याने हाताने नको म्हटलं.

"खुर्ची कशाला? हिराला नेलीस तशी ने, भाऊ. डोकं फुडं."

मी म्हटलं, "दादा, खुर्चीत बसा."

"नाय. तिला नेलीस तशीच."

खोलीत त्याचा मुलगा होता, सून होती, शेजारी होते. मोंडकर माझ्याकडे बघत होता. परत तीच मिनिटं चालायला लागली होती, आणि मला ती मोजता येत होती. मी वैतीसमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "दादा, तिला तशी नेली म्हणून ती गेली. डोकं खाली झालं, श्वास अडकला. मला माहीत होतं आणि मी नेली. माझी चूक झाली. आता तुम्ही खुर्चीत बसा."

वैती माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला, मोंडकरने धरला, आणि तो खुर्चीत बसला. उतरताना त्याचे डोळे मिटलेले होते. आठव्या पायरीवर त्याने ते उघडले आणि विचारलं, "हितंच ना?"

मी हो म्हटलं. मला खोटं बोलायला वेळ नव्हता.

वैती वाचला. महिन्याभरात बाजारातही दिसायला लागला, मुलाबरोबर बसायचा. मला बघून मान फिरवायचा. नारळी पौर्णिमा आली आणि गेली. डबा आला नाही. मला वाटलं, रागावला माझ्यावर, आणि मनातून थोडं बरंही वाटलं, की झालं गेलं सांगून टाकलं आपण. मोठा प्रामाणिकपणा केला. असल्या प्रामाणिकपणाचा माणसाला फार लवकर माज चढतो.

उतरवला तो मोंडकरनेच. श्रावण संपला होता, डबा नव्हता, त्यामुळे तो खवळलेला होता. म्हणाला, "तू सांगून मोकळो झालंस. दारात आडवो कोण उभो रवलो होतो? तू काय?"

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. तो डबा माझ्यासाठी कधी नव्हताच. आपण आपल्या बायकोला नीट घराबाहेर काढलं, एवढी एक गोष्ट त्या माणसाने धरून ठेवली होती, आणि ती मी त्याच्या हातातून काढून घेतली होती. चूक माझी, म्हटलं मी मोठ्या मनाने. पण चौकटीवरचे हात त्याचे होते, आणि हे त्याला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

गणपती झाल्यावर वैती स्टँडवर आला. रिकाम्या हाताने. बाकावर बसला. बराच वेळ खुर्चीकडे बघत होता, ती आम्ही गाडीच्या मागे अडकवून ठेवायचो. मग म्हणाला, "भाऊ, एक विचारू? तवा ही खुर्ची नव्हती का?"

त्याच्या घरात होती. भिंतीला लावलेली, लोखंडी, घडीची. मी माझी पेटी तिच्यावर ठेवली होती. तो त्या खुर्चीवर बसून रोज चहा पीत असेल. मोंडकर गाडी पुसत होता, त्याचा हात थांबला.

"नव्हती, दादा," मी म्हटलं. "तेव्हा ही पद्धत निघालीच नव्हती. नंतर निघाली. मुलुंडला एक मोठे मास्तर आहेत, गुप्ते म्हणून. त्यांनी काढली. त्याच्याआधी जगात कुणालाच माहीत नव्हती."

"कुनालाच?"

"कुणालाच. डॉक्टरांनाही नाही. तुम्ही काय करणार आणि मी काय करणार?"

वैतीने मान हलवली. हळूहळू, बराच वेळ. मग उठला, आणि मी वर्षानुवर्षं ज्याच्यावर दात खात होतो त्या माणसाचं नाव त्याने दोनदा विचारून पाठ करून घेतलं.

आठवड्याने डबा आला. वैती म्हणाला, "हा तुला नाय. खुर्ची काढली त्या मास्तरला दे."

मी तो डबा घेऊन मुलुंडला गेलो, तीन मजले चढून. मास्तरांनी झाकण उघडलं. जातीचा सीकेपी माणूस, वासानेच चेहरा खुलला. "कोण हे वैती?"

"तुमच्या खुर्चीवरून खाली आलेला पेशंट आहे, सर. तुमचे आभार मानलेत."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले, आणि काकूंना हाक मारून ताट मागवलं. "कोळंबी चांगली मोठी आहे हो. तू घेतोस का दोन?"

मी नको म्हटलं. पुढे जितकी वर्षं डबा येत राहिला, तितकी वर्षं तो मीच मुलुंडला पोचवला आणि मास्तरांनी तो हक्काने खाल्ला. मला मात्र त्यातलं काही खावं लागत नव्हतं. जिना उतरताना एवढंच मनात यायचं, आणि फार बरं वाटायचं.